रिकाम्या हातातलं कुलूप

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी, गोखिवऱ्यातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या अंगणात आमच्या कंपनीतली सगळी माणसं छातीवर चिठ्ठ्या लावून एका रांगेत उभी राहिली. रांगेत मालकही होते. त्यांच्या हातात गाळ्याच्या शटरचं कुलूप होतं. रांग मोडली तेव्हा कामणच्या शीतगोदामातला बिघाड सापडलेला होता, आणि तो ज्यांच्या एका नियमामुळे झाला होता त्या बाई सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या.

बाई आमच्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रॅमर. कंपनी लहान. खोलीचं तापमान, टाकीतलं पाणी, भट्टीची उष्णता मोजून पडद्यावर दाखवणाऱ्या पेट्या ती बनवते. पेट्यांमधले प्रोग्रॅम सी भाषेत लिहिले जातात. इथे येण्याआधी बाई तंत्रनिकेतनात शिकवत. मालक त्यांचे तिथले विद्यार्थी. ते बाई म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. चहावाला आणि शेजारच्या प्लास्टिकच्या गाळ्यातले कामगारसुद्धा. बाई मालकांना अरे-तुरे करत, आणि मालक बाईंसमोर खुर्चीला पाठ टेकत नसत.

वय साठीच्या अलीकडे. उंच, सावळ्या, चालणं भरभर. बारा महिने अंगात निळा स्वेटर, कारण एसीचा वारा थेट त्यांच्या टेबलावर यायचा आणि टेबल हलवायला त्या तयार नव्हत्या. केसांत सोनचाफा. घर वसईच्या पश्चिमेला, वाडीत. केळी, चाफा, अळू आणि थोडी पानवेल हे भावांकडे असलं तरी बाईंचं लक्ष त्यावर असायचं. स्कूटरवर पायांपाशी अळूची जुडी असे. दुपारपर्यंत ती कुणाच्या तरी पिशवीत जाई.

कार्यालयातल्या संगणकांना त्यांनी केळ्यांची नावं दिली होती. राजेळी, बसराई, वेलची, मुठेळी. त्यामुळे आमच्याकडे "बसराई तापलाय, राजेळीवर घ्या" असली वाक्यं दिवसभर ऐकू येत. एका नव्या ग्राहकाने बराच वेळ ऐकून विचारलं, "तुमचा फळांचाही धंदा आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या. "पण तो फायद्यात चालतो, म्हणून घरी ठेवलाय."

फोन उचलताना त्या 'हॅलो' म्हणत नसत. "बोला, काय सापडत नाही?" असं विचारत. त्यांच्याकडे येणारी बहुतेक दुखणी त्याच जातीची असत. प्रोग्रॅम जोडताना संगणक म्हणायचा की अमुक नावाचं काम तुम्ही मागितलंय, पण ते करणारं कुणी सापडत नाही. एकदा कर्ज विकणाऱ्या माणसाचा फोन आला.

"बोला, काय सापडत नाही?"

"मॅडम, लोनसाठी कॉल केला होता."

"शेवटचं कुठे ठेवलं होतं?"

त्याने फोन ठेवला. बाईंना त्याचं वाईट वाटलं. "चौकशी नीट करायला हवी होती," त्या म्हणाल्या.

संगणकाची तक्रार घेऊन त्यांच्याकडे जाण्याची एक रीत होती. तक्रार पूर्ण आणायची. पडद्याचा फोटो काढून त्यातली एकच लाल ओळ दाखवणाऱ्याला त्या परत पाठवत. "डॉक्टरकडे अर्धं पोट घेऊन जातोस का? जा, उरलेलं घेऊन ये." मग सगळी तक्रार उभं राहून मोठ्याने वाचायची, फाइलीच्या नावासकट, ओळीच्या क्रमांकासकट. निम्म्या वेळा वाचणारा मधेच थांबायचा, "ओह" म्हणायचा आणि जागेवर परत जायचा. तेव्हा बाई टाळी वाजवत. स्वतः काही न करता प्रश्न सुटला याचा त्यांना मनापासून आनंद व्हायचा. त्या म्हणत, "तक्रार करणारा बरा. त्याला काय हवंय ते तरी कळतं."

तक्रार करणाऱ्याचं नाव लिंकर. मोठा प्रोग्रॅम एका फाइलीत लिहीत नाहीत. त्याचे तुकडे वेगवेगळे लिहितात आणि काही कामं इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या लायब्ऱ्यांतून घेतात. हे सगळं एकत्र जोडण्याचं काम लिंकर करतो. त्याला तुकड्यांची आणि लायब्ऱ्यांची नावं एका ओळीत द्यायची असतात. तो ओळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचत जातो. तुकडा भेटला की त्याला काय हवं ते लक्षात ठेवतो. लायब्ररी भेटली की तोवर जे मागितलं गेलंय तेवढंच उचलतो आणि पुढे जातो. मागे फिरत नाही. त्यामुळे लायब्ररी आधी आणि तिची गरज असलेला तुकडा नंतर असं लिहिलं, तर तो लायब्ररीतून रिकाम्या हाताने पुढे जातो आणि शेवटी अमुक सापडत नाही म्हणून ओरडतो. लायब्ररी तिथेच, ओळीत, डोळ्यांसमोर असते. अनेक थ्रेडचे, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवणारे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी थ्रेडची लायब्ररी ओळीत आधी लिहून असा अर्धा दिवस घालवलेला असतो.

इतकी वर्षं लिंकर शिकवून बाई स्वतःही मागे फिरेनाशा झाल्या होत्या. एखाद्याच्या टेबलावरून पुढे गेल्यावर त्याला काही सांगायचं आठवलं, तर त्या वळत नसत. तशाच पुढे जाऊन, पँट्रीतून बाहेर पडून, गाळ्याला वळसा घालून पुढच्या दाराने आत येत आणि सांगत. स्कूटरवर त्यांची गल्ली चुकली तर यू-टर्न नाही. पुढच्या नाक्यावरून फेरा. भाजीबाजारात त्या एका टोकाने शिरत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडत. एकदा आम्ही काही जण बरोबर होतो. बाजाराच्या शेवटी बाईंना आठवलं की कोथिंबीर राहिली. कोथिंबीरवाली दहा पावलांवर होती आणि हाताने बोलवत होती.

"बाई, आम्ही आणून देतो," राजश्री म्हणाली.

"नको. ती येऊन गेली तेव्हा मला गरज वाटली नाही. आता उद्या."

राजश्री आमच्यातली प्रोग्रॅमर. विरारला आईवडिलांबरोबर राहते. बाईंच्या या वागण्यावर ती सुरुवातीला चिडायची. पुढे तिलाच सवय लागली आणि घरी आई तिच्यावर चिडू लागली.

थ्रेड समजावताना बाई वाडीतली गोष्ट सांगत. विहीर एक, मोटर एक, भाऊ दोन. पूर्वी एका सकाळी दोघांनी आपापले पाट एकाच वेळी उघडले. पाणी विभागलं गेलं. टोकाच्या झाडांना दोघांच्याही बाजूला थेंब पोचला नाही, आणि दोघे दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हापासून मोटरीजवळ एक तांबडा फडका असतो. ज्याची पाळी तो फडका खुंटीला बांधतो. फडका दिसतोय तोवर दुसरा पाट उघडत नाही. "थ्रेड म्हणजे माझे भाऊ," बाई म्हणत. "एकाच घरातले, एकाच वेळी कामाला लागलेले. आणि लॉक म्हणजे तो फडका. एवढंच आहे. बाकी सगळी पुस्तकं जाड करायला लिहितात." भावांशी फोनवर बोलताना त्या घरच्या बोलीत जात. ते आम्हाला कळत नसे, पण फडका हा शब्द ओळखू यायचा.

त्यांचा एक नियम कंपनीत सगळ्यांच्या हाताला बसला होता. दोन लायब्ऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील तर कोणतीही आधी लिहा, एकीचं काहीतरी राहतंच. अशा वेळी एकीचं नाव ओळीत पुन्हा लिहायचं, म्हणजे लिंकर पुढे गेल्यावर त्याला ती आणखी एकदा भेटते. बाईंनी हे काचेच्या कपाटावर मार्करने लिहून ठेवलं होतं : 'शंका असेल तर नाव दोनदा.' उपाय सोपा होता आणि लिंकर लगेच गप्प व्हायचा. त्यामुळे शंका नसतानाही सगळे नावं दोनदा लिहू लागले. आमच्याकडची लिंकची ओळ बाहेरच्याला आरतीच्या ध्रुवपदासारखी वाटायची. तेच तेच नाव फिरून यायचं. यात काही धोका असेल असं कुणाच्या मनात आलं नाही, बाईंच्याही नाही.

बाई चुकल्या असं जो दाखवून देईल त्याला त्या सुकेळ्यांचं पाकीट देत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून घरीच केलेली. पाकीट टेबलाच्या खणात तयार असायचं. ते क्वचितच बाहेर यायचं. पण आलं की बाई ते दोन्ही हातांनी देत आणि घेणाऱ्याची चूक काढण्याची पद्धत सगळ्यांना वाचून दाखवायला लावत.

यंदाच्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण त्यांनी नाकारलं. त्याऐवजी त्या प्रत्येकाच्या टेबलासमोरून एकदा गेल्या. अकाउंट्स बघणारा डॉमनिक तेव्हा जागेवर नव्हता. त्याच्यासाठी त्या गाळ्याला वळसा घालून पुन्हा आल्या.

कामणचं काम त्याच्या आधीच्या हिवाळ्यातलं. भिवंडी रस्त्यावरच्या एका शीतगोदामात आठ खोल्या होत्या. एका खोलीत आइस्क्रीम, शेजारी मोसंबी, पलीकडे पनीर, आणि असंच पुढे. प्रत्येक खोलीला वेगळं तापमान लागतं. आठ खोल्यांसाठी आठ थ्रेड, आणि सगळ्यांचे आकडे एका पडद्यावर. मर्यादा ओलांडली की भोंगा. हा प्रोग्रॅम राजश्रीने लिहिला. तिचं एकटीने केलेलं पहिलं काम.

पेटी बसवल्यावर काही दिवस ठीक गेले. मग एका दुपारी पडद्याने सांगितलं की आइस्क्रीमच्या खोलीत मोसंबीइतकी ऊब आहे. भोंगा वाजला. हमाल धावले, ट्रक थांबला, दार उघडून पाहिलं तर आइस्क्रीम दगडासारखं. थोड्या वेळाने आकडा आपोआप सुधारला. दोन दिवसांनी पुन्हा. मग दिवसाआड. एका खोलीचा आकडा दुसऱ्या खोलीच्या नावावर जात होता. कधी जाईल ते सांगता येत नव्हतं. गोखिवऱ्यात टेबलावर, दोन सेन्सर लावून, तो एकदाही गेला नाही.

गोदामाचे व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मालकांना सांगितलं, "साहेब, पोरं भोंग्याला हसायला लागलीत. उद्या खरंच वाजला तर कोण धावणार? सोमवारपर्यंत बघतो. नाही तर पेट्या घेऊन जा, माझे जुने काटेवाले थर्मामीटर बरे."

राजश्रीने स्वतःच्या प्रोग्रॅमची ओळन् ओळ तपासली. जिथे सामायिक आकड्याला हात लागत होता तिथे सगळीकडे लॉक होतं. तिने ते बाईंना वाचून दाखवलं, उभं राहून, मोठ्याने. बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. पण बिघाड होता. मालकांनी शुक्रवारी सकाळी ठरवलं की कामणचा प्रोग्रॅम बाहेरच्या माणसाकडून नव्याने लिहून घ्यायचा आणि राजश्रीला ग्राहकांच्या फोनवर बसवायचं. त्यांनी तिला तसं सांगितलं. ती जाऊन बसराईसमोर बसली.

बाई तिच्या टेबलाजवळ आल्या. "लिंक करताना काय म्हणाला?"

"काहीच नाही, बाई. एक वॉर्निंगसुद्धा नाही. गप्प होता."

"इतके दिवस आपण तुला विचारतोय, प्रोग्रॅमला विचारतोय. गप्प बसलेल्याला कुणी विचारलंच नाही." बाईंनी तीन टाळ्या वाजवल्या. "चला, रांग!"

रांग ही बाईंची जुनी शिकवण्याची पद्धत. लिंकरला दिलेली ओळ माणसांची करायची. प्रत्येक माणूस एक तुकडा किंवा लायब्ररी. छातीवर चिठ्ठी : माझ्याकडे काय आहे, मला काय हवं. बाई स्वतः लिंकर, हातात कापडी पिशवी. एरवी ही रांग नवीन माणूस आला की घ्यायची. त्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढलं. मालक म्हणाले, "बाई, आत्ता? सोमवारवर आलंय."

"म्हणूनच आत्ता. तू पण ये. आणि शटरचं कुलूप घेऊन ये."

डॉमनिकचा नाताळच्या गाण्यांचा सराव होता. "बाई, मला पाचला चर्चमध्ये पोचायचंय."

"लायब्ऱ्यांत तू पहिलाच आहेस. लवकर सुटशील."

राजश्रीने संगणकाला प्रत्येक लायब्ररीत कोणकोणत्या नावांची कामं आहेत ते विचारलं आणि चिठ्ठ्या केल्या. पहिली ती स्वतः, म्हणजे तिचा प्रोग्रॅम. लायब्ऱ्यांत पहिला डॉमनिक, तो सेन्सर वाचणारी लायब्ररी. ती विकत घेतलेली होती आणि तिच्याबरोबर आणखी दोन आल्या होत्या, एक लहान आणि एक मोठी. कोणती कुणावर अवलंबून आहे याची शंका होती, म्हणून राजश्रीने नियम पाळला होता. लहान लायब्ररी ओळीत दोनदा होती. मोठीच्या आधी एकदा आणि शेवटी एकदा. लहान लायब्ररी झाला हरेश. तो आमच्याकडे पेट्यांची जोडणी करतो, जूचंद्रचा. मोठी लायब्ररी मालक. बाकीचे आम्ही पडदा, भोंगा असले फुटकळ तुकडे होतो आणि राजश्री आणि डॉमनिक यांच्या मधे उभे होतो. शेजारच्या गाळ्यातले कामगार मशिन बंद करून बघायला आले.

"बाई, मी दोन ठिकानी कसा उभा ऱ्हाऊ?" हरेशने विचारलं.

"मी पुढे गेले की मागून पळत जा आणि शेवटी उभा राहा."

"पलताना लिंकरला दिसलो तर?"

"लिंकर मागे बघत नाही."

बाई निघाल्या. राजश्रीसमोर थांबल्या. "काय हवं?"

"सेन्सर वाचणारा. आणि कुलूप."

बाकीच्यांना विचारलं, ऐकून घेतलं, पुढे डॉमनिक. "सेन्सर वाचतोस?"

"वाचतो."

"ये पिशवीत." डॉमनिकने आपली चिठ्ठी पिशवीत टाकली. "तुला काय हवं?"

"कुलूप आणि घड्याळ."

पुढे हरेश. "कुलूप आहे?"

हरेशने छातीवरची चिठ्ठी वाचली. "हाय. घड्याल पन हाय."

"दे."

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकलं. मग मूठ पुढे करून तीही पिशवीत उघडली. बाई पुढे गेल्या. हरेश रांगेच्या मागून धावत शेवटी जाऊन उभा राहिला. कामगारांनी शिट्ट्या वाजवल्या.

बाई मालकांसमोरून तशाच निघाल्या. मालकांनी कुलूप पुढे केलं. "बाई, कुलूप."

"नको. मिळालं."

"अहो, पण हे खरं आहे!"

"मला कुलूप नावाचं काहीतरी हवं होतं. ते आधीच मिळालं. आता तुझं कोण घेतंय?"

त्या आणखी दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. पिशवीत हात घातला. चिठ्ठी निघाली, घड्याळ निघालं. पिशवी उलटी केली. आणखी काही नव्हतं.

"हरेश, कुलूप म्हणून काय टाकलंस?"

"काय नाय, बाई. कुलूप एकच होता, तो सरांनी घेतला. मी नुसता हात दाखवला."

बाई वळल्या नाहीत. त्या सरळ चालत राहिल्या, अंगणाच्या टोकाला गेल्या, गाळ्याच्या मागे दिसेनाशा झाल्या. आम्ही रांगेत उभे. "बाई गेल्या कुठे?" एका कामगाराने विचारलं. "येतील," डॉमनिक म्हणाला आणि घड्याळ बघायला हात वर केला. त्याने घड्याळ घातलेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने बाई दुसऱ्या बाजूने आल्या आणि राजश्रीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती.

"लहान लायब्ररी दोनदा का लिहिलीस?"

"शंका होती, बाई."

"शंका असेल तर दोनदा, असं कोण म्हणालं होतं?"

राजश्रीने छातीवरची चिठ्ठी सरळ केली.

"पूर्ण तक्रार कर. मोठ्याने."

"तुम्ही, बाई!"

"ऐकलंस का?" बाई मालकांना म्हणाल्या. "कपाटावर माझ्या अक्षरात आहे. हिचं फोनवर बसणं रद्द. बसवायचंच तर मला बसव." मग त्यांना हसू आवरेना. स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "फडका बांधला म्हणून तोंडाने सांगितलं, आणि आठ भावांनी पाट उघडले!"

मालक कुलूप हातात घेऊन उभे होते. "आधी खात्री करू या, बाई," ते म्हणाले.

"कर. हवीच."

राजेळीवर लहान लायब्ररी उघडून पाहिली. तिच्यातलं लॉकचं काम पोकळ होतं. प्रोग्रॅम आत जायचा, 'लावलं' असं उत्तर घेऊन तसाच बाहेर यायचा. विकणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. एका वेळी एकच काम करणाऱ्या पेट्यांत कुलपाची गरज नसते, आणि लहान लायब्ररी अशा पेट्यांसाठी होती. खरं लॉक मोठ्या लायब्ररीत होतं, त्याच नावाने. लिंकरला नाव आधी लहानीत सापडलं. मोठीतलं त्याने मागितलंच नाही. दोन्हीकडे नाव एकच असल्यामुळे त्याला तक्रार करायला जागा नव्हती.

मग हरेशने आठ सेन्सर आणून स्टीलच्या आठ ग्लासांत सोडले. चारांत बर्फ, चारांत चहावाल्याकडचा उकळता चहा. जुना प्रोग्रॅम चालवला आणि सगळे पडद्याभोवती जमले. काही वेळ काही झालं नाही. मग बर्फाच्या एका ग्लासाने चहाचा आकडा दाखवला. आमच्या कार्यालयात बिघाड पहिल्यांदाच दिसला होता. टाळ्या पडल्या. मालकांनीही वाजवल्या. राजश्रीने ओळीतलं लहान लायब्ररीचं पहिलं नाव खोडलं, घड्याळासाठी शेवटचं ठेवलं, आणि प्रोग्रॅम पुन्हा जोडला. चहा थंड होईपर्यंत कुणाचा आकडा कुणाकडे गेला नाही. चहा पुन्हा मागवला, बर्फ पुन्हा आणला. तेव्हाही नाही. डॉमनिक सरावाला उशिरा पोचला.

सुकेळ्यांचं पाकीट बाईंनी हरेशला दिलं, दोन्ही हातांनी. चूक काढण्याची पद्धत सांग म्हणाल्या.

"मी काय केला, बाई? माझा हात रिकामा होता."

"तेच सांग. पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं. पाकीट त्याने तिथेच फोडलं आणि पहिलं सुकेळं राजश्रीला दिलं. कपाटावरचा नियम बाईंनी ओल्या फडक्याने पुसला. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही.

सोमवारी राजश्री आणि हरेश कामणला गेले. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, ही शेवटची हां." राजश्रीने नवा प्रोग्रॅम घातला. सगळ्या खोल्यांची दारं पाळीपाळीने उघडून, बंद करून, पडद्यावरचा आकडा आणि खोलीतला काटेवाला थर्मामीटर जुळवून पाहिले. व्यवस्थापकांनी मग स्वतः पुन्हा पाहिले. त्यानंतर पेट्या परत नेण्याचा विषय निघाला नाही. राजश्रीला फोनवर बसवलं गेलं नाही, आणि बाहेरच्या माणसाला बोलावलं गेलं नाही.

मार्चमध्ये त्याच मालकीच्या शेजारच्या गोदामाचं काम निघालं. व्यवस्थापकांनी ते राजश्रीनेच करावं असं मालकांना कळवलं. तिने ते केलं. पेटी सुरू झाल्यावर व्यवस्थापकांनी आत जाऊन तिच्यासाठी एक आइस्क्रीम आणलं. ते इतकं घट्ट होतं की लाकडी चमचा मोडला. फाटकाबाहेर उन्हात उभं राहून, ते विरघळायची वाट बघत, तिने ते संपवलं. हरेश टेम्पोत बसून पाहत होता. त्यानेच हे सांगितलं, आणि राजश्रीने दुजोरा दिला.